चाक चांगलं, ॲक्सल चुकीचा: मॉडेल मालगाडीची चाकं बदलतानाचं एक प्रकरण

पिट्सबर्गजवळच्या एका घराच्या तळघरात पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा एक तुकडा उभा आहे. काळ १९५६ च्या आसपासचा, मुलूख अल्टूनाच्या डोंगरांतला, प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. मालक माझ्या वडिलांच्या वयाचे, पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले मराठी इंजिनिअर. मी त्यांना काका म्हणते. एका जुन्या संग्राहकाच्या घरातली मांडणी विकायला निघाली तेव्हा त्यांनी वाघिणींचा नि प्रवासी डब्यांचा अख्खा गठ्ठा उचलला. निरनिराळ्या कंपन्यांचे, निरनिराळ्या दशकांतले डबे. बहुतेकांना मूळची प्लास्टिकची चाकं होती.

कोळशाची लांब गाडी चढावर गेली की इंजिन जागच्या जागी चाकं फिरवायचं. पॉइंटवर, म्हणजे रुळाला फाटा फुटतो तिथे, डबे घसरायचे. काकांनी सरळ उपाय केला: तेहेतीस इंची (हे खऱ्या रेल्वेतलं माप) धातूच्या चाकांचं एक मोठं घाऊक पाकीट मागवलं आणि झाडून सगळ्या डब्यांची चाकं बदलली. त्यानंतर काही डबे लोण्यासारखे धावू लागले, काही डुलत चालायला लागले, आणि काही तर आधीपेक्षा ओढायला जड झाले.

“अगं, चाकं तर नवी कोरी टाकली. मग हे असं का?” असं म्हणून त्यांनी मला बोलावलं.

त्यांनी घेतलेली चाकं उत्तम होती, हे आधी स्पष्ट करते. गोल होती, दोन चाकांमधलं अंतर बरोबर होतं, धातू स्वच्छ होता. पण डब्याखाली चाक एकटं काम करत नाही. ज्या चौकटीत त्याचा ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, बसतो, तिच्याशी त्याची जोडी जमावी लागते. चाकं विकत घेताना आपण पाकिटावर व्यास वाचतो. निवडायचा असतो तो त्या विशिष्ट चौकटीसाठीचा ॲक्सल. हे सगळं प्रकरण मला त्यासाठीच सविस्तर मांडायचं आहे.

जुनी चाकं का काढायची

प्लास्टिकची चाकं काढण्याबद्दल आमच्यात वाद नव्हता. रुळांवरचा काळा थर त्यांच्या कडांवर साचत जातो, मग चाकाचा गोलावा बिघडतो आणि डबा थरथरतो. धातूचं चाक पुसलं की स्वच्छ होतं. शिवाय वजन जिथे हवं तिथे, अगदी खाली येतं.

पण गठ्ठ्यातल्या सर्वांत जुन्या डब्यांना आणखी एक अडचण होती. त्यांच्या चाकांची फ्लँज, म्हणजे चाकाला रुळाच्या आत धरून ठेवणारी कड, फार खोल होती. काकांचे रूळ कोड ८३ चे. त्या आकड्याचा अर्थ रुळाची उंची ०.०८३ इंच, साधारण २.१ मिलिमीटर. जुन्या कोड १०० च्या २.५४ मिलिमीटर उंच रुळावर जी खोल फ्लँज निभावून जाते, ती इथे रुळाला धरणाऱ्या छोट्या खिळ्यांच्या डोक्यांवर टकटक आपटते. आणि पॉइंटच्या फ्रॉगमध्ये, जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, तिथे खाचेच्या तळाला टेकून अख्खं चाक वर उचललं जातं. उचललेलं चाक कुठे उतरेल याची खात्री नाही.

अमेरिकेत या गोंधळावर नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने पूर्वीच तोडगा काढलेला आहे. ही संस्था १९३५ साली स्थापन झाली ती मुळात वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे एकाच रुळावर धावावेत म्हणूनच. चाकाच्या आकारासाठी त्यांची आरपी-२५ नावाची शिफारस आहे. तिच्यानुसार फ्लँज जेमतेम ०.६४ मिलिमीटर खोल असते, आणि फ्लँज जिथे चाकाच्या सपाट भागाला मिळते तिथे कोपरा न ठेवता हलकी गोलाई ठेवलेली असते. ही गोलाई फार मोलाची आहे. वळणावर चाक रुळावर चढू पाहतं तेव्हा तीच त्याला परत मध्यावर सरकवते. काकांनी घेतलेली चाकं या आकाराची होती, त्यामुळे फ्लँजचा प्रश्न पाकीट फोडलं तेव्हाच मिटला होता.

लांबी

खरं दुखणं इथे होतं. एचओ डब्याचा ॲक्सल दोन्ही टोकांना शंकूसारखा टोकदार असतो. बोगीच्या, म्हणजे डब्याखालच्या चार चाकांच्या चौकटीच्या, दोन्ही बाजूंना आतून तसेच शंकूच्या आकाराचे खळगे असतात. टोक खळग्याच्या तळाशी हलकेच टेकलं की घर्षण अगदी कमी होतं. ॲक्सल वीतभर सोडाच, बोटाच्या पेराएवढाच असतो. तरी बाजारात त्याची एक ठरलेली लांबी नाही. अमेरिकी डब्यांमध्ये साधारण २५.४ ते २६.३ मिलिमीटरच्या दरम्यान सगळं काही सापडतं. हा जेमतेम एका मिलिमीटरचा फरक आहे, पण डबा धावेल की अडेल हे त्यावरच ठरतं.

ॲक्सल लांब झाला तर तो बोगीच्या बाजू बाहेर ढकलतो. टोकं खळग्यात रुतून बसतात आणि चाक ब्रेक लावल्यासारखं थांबतं. आखूड झाला तर उलट: टोक खळग्याच्या तळाशी पोचतच नाही, शंकूच्या उताराला टेकतं. मग बोगी किंचित खाली बसते, चाकं उजवीकडे-डावीकडे सरकत राहतात, डबा डुलतो, आणि कधी कधी प्लास्टिकमध्ये कोरलेला ब्रेकचा ठोकळा चाकाच्या कडेला घासू लागतो. काकांच्या डुलणाऱ्या आणि जड झालेल्या डब्यांचं कारण हेच होतं. एकाच लांबीचे ॲक्सल तीन प्रकारच्या बोग्यांत घुसवले गेले होते.

खळग्यांमधलं अंतर कॅलिपरने थेट मोजता येत नाही, जबडे आत पोचत नाहीत. म्हणून आम्ही उलट्या बाजूने गेलो. वेगवेगळ्या लांबीचे काही ॲक्सल जमवले, प्रत्येकाची लांबी कॅलिपरने मोजून कागदाच्या घडीत ठेवली, आणि प्रत्येक जातीच्या बोगीत एकेक घालून पाहिला. पाहायच्या गोष्टी तीनच. वरून भिंगातून बघितल्यावर बोगीच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतर दिसतात का. ॲक्सलला नखाने ढकललं तर जाणवेल न जाणवेल इतकी हालचाल आहे का. आणि बोगी आडवी धरून चाकावर फुंकर मारली की ते कसं थांबतं. बरोबर बसलेलं चाक फिरत राहतं, मग रेंगाळत थांबतं. रुतलेलं चाक खाडकन थांबतं. काकांना ऐकू जरा कमी येतं, म्हणून त्यांनी बोगी कानाऐवजी बोटांच्या टोकांवर धरली. घासणारा ॲक्सल बोटाला बारीक खरखर देतो. त्यानंतर मीही तसंच करू लागले, ते जास्त नेमकं आहे.

मोजणी संपल्यावर टेबलावर तीन गट पडले. सर्वांत मोठ्या गटाला काकांच्या पाकिटातले ॲक्सल बरोबर बसत होते, ते तसेच ठेवले. दुसऱ्या गटाला सुमारे अर्धा मिलिमीटर लांब ॲक्सल हवे होते. तिसऱ्याला आखूड. केडी, इंटरमाउंटन, वॉल्थर्स अशा कंपन्यांची चाकं डझनाच्या पाकिटात मिळतात, आणि चार ॲक्सलच्या डब्याच्या हिशोबाने एका डझनात तीन डबे होतात. म्हणून दोन वेगळ्या लांबीची छोटी पाकिटं मागवून काम भागलं.

तिसऱ्या गटात एक पर्याय आणखी होता: खळगा थोडा खोल करणं. त्यासाठी बोगीत बसवून बोटांनी फिरवायचं एक छोटं रीमर मिळतं, त्याच्या दोन्ही टोकांना ॲक्सलच्याच कोनाची धार असते. खळग्यात साच्याची कुसं राहिली असतील तर दोन-चार हलके फेरे देऊन ती काढायला ते फार छान आहे. पण लांब ॲक्सल बसावा म्हणून खळगे कोरत जाणं मला पटत नाही. बाजूची भिंत पातळ होते, आणि एकदा कोरलेलं परत भरता येत नाही. योग्य लांबीचा ॲक्सल मिळत असताना बोगीवर हत्यार चालवू नये. तेलही घालू नये; बोगीचं प्लास्टिक मुळातच गुळगुळीत असतं आणि तेलाला फक्त धूळ चिकटते.

व्यास: इतिहास इथे बोलतो

काकांनी सगळीकडे तेहेतीस इंची चाकं टाकली होती. त्यांच्या काळासाठी ते बहुतांशी बरोबरच होतं. पन्नास ते सत्तर टनी वाघिणींना खऱ्या रेल्वेत ३३ इंची चाकं असत. पेनसिल्व्हेनियाच्या एक्स२९ बंद वाघिणी आणि एच२१ कोळशाच्या हॉपर, म्हणजे तळातून माल सोडणाऱ्या वाघिणी, दोन्ही त्यात आल्या. एचओमध्ये हे चाक ९.६२ मिलिमीटरचं होतं.

प्रवासी डब्यांची गोष्ट वेगळी. पी७० सारख्या जड पोलादी डब्याला ३६ इंची चाकं, एचओमध्ये १०.५ मिलिमीटर. गठ्ठ्यात दोन मोठ्या झाकणबंद हॉपरही होत्या, साठच्या दशकानंतरच्या शंभर टनी. त्या १९५६ मध्ये शोभत नाहीत, पण काकांच्या नातवाला आवडतात म्हणून राहणार होत्या. त्यांनाही ३६ इंचीच हवीत. शंभर टनांच्या वाघिणींपासून मोठी चाकं आली, आणि पुढे सव्वाशे टनांना ३८ इंचीही.

“तीन इंचांचा फरक, १:८७ मध्ये कोणाला दिसणार?” असं काकांनी विचारलं. डोळ्याला कदाचित दिसणार नाही, दोन डबे जोडणाऱ्या कपलरला दिसतो. व्यासातला फरक ०.८८ मिलिमीटर, म्हणजे डबा निम्म्याने, ०.४४ मिलिमीटरने वर किंवा खाली जातो. एचओमध्ये कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून सुमारे ९.९ मिलिमीटरवर असावा लागतो. त्यात अर्ध्या मिलिमीटरची तफावत पडली की चढाच्या तोंडाशी, जिथे डबे एकमेकांच्या तुलनेत तिरके होतात, तिथे एक कपलर दुसऱ्याखालून निसटतो. काकांची प्रवासी गाडी नेमकी अशीच मधोमध तुटत होती आणि ते कपलरला दोष देत होते. ३६ इंची चाकं बसवल्यावर डबे आपल्या उंचीला आले.

उलटी चूकही तितकीच वाईट. ३३ इंची डब्याखाली मोठं चाक घातलं तर ते वळणावर डब्याच्या पोटाला घासतं.

पुण्या-मुंबईकडे भारतीय डबे एचओमध्ये चालवणाऱ्यांसाठी एक उपयोगी योगायोग इथेच सांगून टाकते. आपल्या आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरी) प्रवासी डब्याचं नवं चाक ९१५ मिलिमीटरचं असतं, म्हणजे जवळजवळ तंतोतंत ३६ इंच. अमेरिकी प्रवासी डब्यांसाठीचं १०.५ मिलिमीटरचं चाक त्याखाली डोळे मिटून घालावं. बॉक्सएन या उघड्या मालवाघिणीचं मात्र १००० मिलिमीटर, एचओमध्ये साधारण ११.५; तिथे ३६ इंची चाक लहान दिसेल. रुळांच्या रुंदीचा प्रश्न वेगळाच: आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज १:८७ मध्ये सव्वाएकोणीस मिलिमीटर होतो आणि बाजारातला रूळ १६.५ चाच असतो. त्यामुळे चाक कितीही अचूक असलं तरी ते गाडीखाली खऱ्यापेक्षा जरा आत बसलेलं दिसणार.

रुंद की अरुंद

हा निर्णय सर्वांत अवघड गेला, कारण इथे काकांचं मन एका बाजूला होतं आणि त्यांचे पॉइंट दुसऱ्या बाजूला.

मॉडेलची नेहमीची चाकं खऱ्या प्रमाणापेक्षा बरीच रुंद असतात. चाकाचा कोड रुंदी सांगतो: कोड ११० म्हणजे ०.११० इंच, २.८ मिलिमीटर. खऱ्या अमेरिकी चाकाची पावणेसहा इंचांच्या आतबाहेरची रुंदी १:८७ ने भागली तर १.७ च्या खाली येते. मधला मार्ग म्हणजे कोड ८८, २.२४ मिलिमीटर. कोळशाची हॉपर किंवा टाकीची वाघीण मागून पाहिली की हा फरक लगेच कळतो. कोड ८८ वर डबा सडपातळ, खरा वाटतो. काकांना तीच हवी होती.

त्यांचे बरेचसे पॉइंट जुने होते. त्यांच्या फ्रॉगमधली फट रुंद. चाक फ्रॉगवरून जातं तेव्हा एका रुळाची साथ सुटून पुढच्या रुळाचा आधार मिळेपर्यंत ते आपल्या रुंदीच्या जोरावरच तरलेलं असतं. अरुंद चाक त्या फटीत खाली जातं, डबा टुक करून बुडतो, आणि हलका डबा असेल तर घसरतोसुद्धा. आम्ही कोड ८८ ची चाकं एकाच हॉपरला घालून ती हॉपर हाताने प्रत्येक पॉइंटवरून हळूहळू ढकलली. नव्या पॉइंटवर काही कळलं नाही. जुन्यांवर बुडणं दिसत होतं, बोटालाही जाणवत होतं.

मी कोड ११० च्या बाजूने उभी राहिले आणि अजूनही आहे. ज्याला सगळे पॉइंट बदलायचे आहेत त्याने कोड ८८ जरूर घ्यावी. ज्याला आज संध्याकाळी गाडी चालवायची आहे त्याने रुळाला साजेसं चाक घ्यावं. काकांनी थोडा विचार करून मान्य केलं, मात्र एक अट घातली: हॉपरखाली दिसणारी चाकाची पाठ तरी खरी असली पाहिजे.

ती अट रास्त होती. त्या काळी मालडब्यांखाली ओतीव लोखंडी चाकं बरीच होती, आणि त्यांच्या पाठीवर वक्र फासळ्या असत. पोलादी चाकांची पाठ गुळगुळीत. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस नव्या डब्यांना ओतीव लोखंडी चाकं लावणं थांबलं आणि पुढे ती रेल्वेतूनच गेली. १९५६ च्या कोळशाच्या गाडीत दोन्ही प्रकार असणं हेच वास्तव आहे. फासळीदार पाठीची चाकं मॉडेलमध्ये मिळतात. ती जुन्या हॉपरना दिली, बाकीच्यांना गुळगुळीत. बंद वाघिणीखाली कोणाला दिसत नाहीत, तिथे हा खर्च केला नाही.

लोहचुंबक आणि वीज

काकांच्या कोळशाच्या यार्डात रुळांखाली लोहचुंबक पुरलेले आहेत. कपलर हात न लावता सुटावा म्हणून. डबा चुंबकावर थांबला, जोडणीतला ताण गेला, की कपलर उघडतो. पण ॲक्सल पोलादाचा असेल तर चुंबक त्यालाच खेचतो. चालत्या गाडीतला डबा पुढे झेपावतो, क्षणभर ताण सुटतो, आणि नको तिथे गाडीचे दोन तुकडे होतात. उपाय म्हणजे चुंबकाला न चिकटणारा ॲक्सल. पाकिटावर काय छापलंय यावर विसंबू नये. फ्रिजच्या दारावरचं चुंबक ॲक्सलजवळ धरून पाहावं, क्षणात कळतं. दुसऱ्या गटासाठी पसंत केलेली चाकं आम्ही केवळ या कारणावरून बदलली.

धातूची चाकं म्हटली की वीज आलीच. दोन रुळांत इंजिनाचा प्रवाह असतो, तेव्हा एका ॲक्सलवरची दोन चाकं विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून तोडलेली हवीत, नाहीतर शॉर्ट. मालडब्यांना दोन्ही चाकं तोडलेली घ्यावीत आणि विषय संपवावा. प्रवासी डब्यांत मात्र दिवे होते, म्हणजे चाकांतून वीज उचलायची होती. तिथे एक चाक तोडलेलं आणि दुसरं ॲक्सलशी जोडलेलं असा जोड लागतो. एका बोगीतल्या सगळ्या ॲक्सलची तोडलेली बाजू एकाच रुळाकडे, दुसऱ्या बोगीत ती समोरच्या रुळाकडे. एक जरी ॲक्सल उलटा बसला तरी धातूच्या बोगीतून दोन रूळ जोडले जातात. काकांनी प्रत्येक ॲक्सल मल्टिमीटरवर धरून तोडलेल्या चाकाच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. डबा उलटा केला की चार ठिपके जागेवर आहेत की नाहीत ते एका नजरेत दिसतं.

वजन, रंग आणि निकाल

चाकं बदलल्यावर डबे पुन्हा तोलले. एचओसाठी शिफारस अशी: आधी एक औंस, मग लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. चाळीस फुटी बंद वाघीण मॉडेलमध्ये साडेपाच इंचांच्या थोडी वर भरते, तिला सुमारे १०७ ग्रॅम हवेत. ऐंशी फुटी प्रवासी डब्याला १८५ च्या आसपास. धातूच्या चाकांनी काही भर घातली होतीच, त्यामुळे आतले जुने शिशाचे तुकडे कमी करता आले.

चमकणारी चाकं रंगवायची. त्या काळच्या डब्यांत तेलात भिजलेल्या घर्षण-बेअरिंग असत, तेव्हा चाकांचे चेहरे तेलकट काळे. त्या दोन शंभर टनी हॉपरना रोलर बेअरिंग, तिथे तेल उडत नाही म्हणून गंजाचा तपकिरी. रंग रुळावर टेकणाऱ्या भागावर आणि ॲक्सलच्या टोकांवर येता कामा नये. टोकांवर बारीक प्लास्टिकची नळी चढवून आम्ही ते सांभाळलं.

मग त्याच इंजिनामागे तीच कोळशाची गाडी लावली. चढावर चाकं फिरवत उभं राहणं बंद झालं. काकांनी नियंत्रक कमी केला तरी गाडी सरकत राहिली.

एक पॉइंट मात्र अजूनही डबे पाडत होता, यार्डाच्या तोंडाचा. असोसिएशनचा पत्र्याचा मापक त्यात घातला तेव्हा दिसलं की फ्रॉगसमोरचा रक्षक रूळ शेजारच्या रुळापासून फार दूर बसवलेला आहे, चाकाला धरून ठेवतच नाही. त्यावर कुठलंही चाक निवडलं असतं तरी उपयोग नव्हता. रक्षक रुळाच्या शेजारच्या रुळाकडे असलेल्या बाजूला पातळ प्लास्टिकची पट्टी चिकटवून फट मापात आणली आणि तिथलं घसरणं थांबलं.

आता प्रत्येक डब्याच्या पोटावर काकांच्या अक्षरात ॲक्सलची लांबी, व्यास आणि कंपनी लिहिलेली आहे. गार्डचा डबा तेवढा राहिलाय. त्याच्या बोगीला खऱ्या स्प्रिंगा आहेत, वजन पडलं की बाजू हलतात आणि खळग्यांमधलं अंतरही बदलतं. तिथे तयार पाकिटातला ॲक्सल आधी डब्याच्या पूर्ण वजनाखाली घालून पाहायचा, असं आमचं ठरलं आहे.